पडत्या काळातला आधार : पश्चिम खानदेश आणि स्वमग्न माणसे

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात भिन्नता असून तिच्यामुळे माणसाचे बोलणे, इतरांशी जुळवून घेणे, आवाज, उजेड वा स्पर्श सोसणे आणि बदलाला सामोरे जाणे या सगळ्यांची घडी चारचौघांपेक्षा वेगळी बसते. ती लहानपणीच दिसू लागते आणि आयुष्यभर सोबत राहते. तिला मनोविकार म्हणता येत नाही. मात्र स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंताविकार आणि नैराश्य इतरांहून बरेच अधिक आढळतात, आणि रोजचा क्रम मोडला, ओळखीची माणसे दुरावली किंवा राहते घर सुटले की हा त्रास उफाळून येतो. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्न’ हा शब्दही काहीसा फसवा आहे, कारण त्यातून स्वतःतच रमलेल्या, जगाची फिकीर नसलेल्या माणसाचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात पुष्कळदा जगच त्याच्या अंगावर नको तितक्या जोराने येऊन आदळत असते आणि तो त्यापासून अंग चोरत असतो. तरीही ‘वेडसर’, ‘खुळा’, ‘मतिमंद’ या जुन्या शब्दांपेक्षा तो बरा, म्हणून येथे तोच स्वीकारला आहे.

या अवस्थेला नाव मिळाले ते विसाव्या शतकात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये ‘ऑटिझम’ हा शब्द छिन्नमानसाच्या एका लक्षणासाठी वापरला होता. सोव्हिएत रशियातील ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ च्या सुमारास अशा मुलांची बारकाईने वर्णने केली, पण ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांचा निबंध आला. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसाथीदार गोळीबारात हुतात्मा झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी कॅनर यांचा निबंध आला. नाव नवे असले तरी माणसे नवी नव्हती. ज्या प्रदेशाचा येथे विचार करायचा आहे तेथे ती नावावाचून राहत होती, आणि नावावाचूनच दुष्काळ, स्थलांतर, विस्थापन सोसत होती.

हा प्रदेश म्हणजे आजचा नंदुरबार जिल्हा. ब्रिटिश अमलात खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, धुळे हे मुख्य ठाणे असलेला पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा काढण्यात आला. तापीकाठचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा दक्षिणेकडे, सातपुड्याच्या रांगा उत्तरेकडे आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा, अशी त्याची रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास असून त्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, वसावे, गावित अशी अनेक नावे, आणि घराघरांत भिलीच्या निरनिराळ्या बोली. सपाटीवर अहिराणी आणि गुजर बोली, बाजारात थोडी गुजराती, कचेरीत मराठी. बोलींची ही सरमिसळ पुढील विवेचनात वारंवार आडवी येणार आहे.

राज्यसंस्थेने अशा माणसांची पहिली दखल घेतली ती मोजण्यासाठी. १८७२ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतून वेडे, जडबुद्धी, मूकबधिर, अंध आणि महारोगी असे ‘विकल’ लोकांचे रकाने भरून घेण्यात आले. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत या ना त्या स्वरूपात अशी मोजणी होत राहिली, मात्र तोवर ‘जडबुद्धी’ हा रकाना वेगळा उरला नव्हता. १९४१ पासून मोजणीच थांबली. न बोलणारे, हाकेला न वळणारे, एकाच जागी बसून झुलणारे मूल त्या काळच्या गणकाने कोठे बसवले असेल? बहिरेपणा नसूनही ते मूकबधिरांत गेले असेल, नाही तर जडबुद्धींत. आणि घरच्यांनी काही सांगितलेच नसेल तर कोठेच नाही. २०११ मध्येही अपंगत्वाच्या आठ प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता, तेव्हा १८७२ च्या गणकाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

मोजणीनंतर येते ती कोंडवाड्याची व्यवस्था. १८५८ च्या कायद्याने वेड्यांची इस्पितळे सरकारी चौकटीत आणली आणि मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, रत्नागिरी व सिंध-हैदराबाद येथे ती चालू लागली. १९०१ मध्ये ठाण्याला आणि पुढच्या दशकात येरवड्याला मोठी इस्पितळे झाली. आज राज्यात जी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत ती ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे. खानदेशाच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. याचा तोटा उघड आहे, पण एक उलटा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. युरोप-अमेरिकेत हजारो स्वमग्न मुलांचे आयुष्य मोठ्या संस्थांच्या भिंतींआड गेले, सातपुड्यातले मूल मात्र घरीच राहिले. घरी राहणे म्हणजे आधार मिळणे असे मात्र समजू नये.

१८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला गुजरात-खानदेशात छप्पनिया म्हणतात, हा या दृष्टीने पहिला नीट पाहता येण्यासारखा पडता काळ होय. दुष्काळी मदतीचे नियम १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर संहितेच्या रूपात बांधले गेले होते, आणि त्यांचा पाया होता कामाची कसोटी: जो खडी फोडायला, तलावाची माती वाहायला येईल तो गरजू आणि त्याला मजुरी. ज्यांना काम करणे शक्यच नाही अशांसाठी फुकट मदतीची वेगळी यादी होती, आणि तिच्यात आंधळे, पांगळे, वृद्ध यांच्याबरोबर वेडे आणि जडबुद्धी हेही स्पष्टपणे नमूद होते. कागदावर ही तरतूद उदार वाटते. परंतु ती मिळवण्यासाठी छावणीत किंवा गावच्या यादीत यावे लागे, आणि डोंगरातले भिल्ल छावणीला बिचकत. हजारो अनोळखी माणसे, सतत ठोकाठोकी, ओळीत उभे राहणे, ठरलेल्या वेळी ठरलेले अन्न: धडधाकट माणसालाही नकोशी वाटणारी ही जागा गोंगाट न सोसणाऱ्या मुलाला काय वाटली असेल याची कल्पना करता येते. या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या मॅकडॉनेल आयोगाने १९०१ मध्ये डोंगरी जमातींसाठी त्यांच्या वस्तीजवळच आणि त्यांच्या सवयीचे काम, म्हणजे गवत कापणे, जंगलची कामे, काढावे असा विचार मांडला. मदत माणसाच्या ओळखीच्या परिसरात न्यावी, माणसाला मदतीच्या परिसरात ओढू नये, हे तत्त्व येथे प्रथम दिसते. ते भुकेच्या संदर्भात सुचले होते; मनाच्या संदर्भात सुचायला आणखी कित्येक दशके लागली.

डोंगरातल्या पाड्याची रचना या विषयाशी जवळून निगडित आहे. भिल्ल आणि पावरा वस्तीत घरे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपल्या शेताच्या कडेला, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभे असते. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, एका अंगाला गुरे, मध्ये चूल, बाहेर अंगण आणि लगेच उतारावर मका किंवा ज्वारी. दिवसाचा क्रम ऋतूगणिक बदलतो, पण रोज बदलत नाही. बकऱ्या वा गुरे घेऊन त्याच पायवाटेने जाणे, त्याच ओढ्यावर पाणी पाजणे, उन्हे कलली की परतणे, हे काम थोड्या शब्दांत होते आणि त्यात सोबतीला बहुधा मोठे भावंड असते. बदल न सोसणाऱ्या, पण एकदा ठरलेला क्रम चोख पाळणाऱ्या माणसाला ते मानवणारे होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही. आज पुण्या-मुंबईच्या विशेष शाळांतून भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक लावून जो क्रम उभा करावा लागतो, तो येथे सूर्य आणि गुरे मिळून उभा करीत.

मात्र या चित्राला सोनेरी मुलामा देणे हा अन्याय होईल. मूल चार वर्षांचे झाले तरी बोलत नाही, आईकडे बघत नाही, रात्र-रात्र झोपत नाही, अशा वेळी घरचे भगताकडे जात. पावऱ्यांमध्ये त्याला बडवा म्हणतात. तो दाणे टाकून, नाडी पाहून कारण शोधे: देवाचा कोप, बाहेरची बाधा, किंवा कोणाची तरी नजर. भगत पुष्कळदा कुटुंबाला धीर देई, सगळ्या पाड्याला एका रात्री एकत्र बसवी, आणि आपण एकटे नाही ही जाणीव त्या आईबापांना होई. हा आधार खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. पण कारण जेव्हा ‘नजर’ ठरे तेव्हा ती नजर कोणाची हा प्रश्न उभा राही, आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या बाईकडे वळे. ती विधवा असेल, जमिनीच्या वाटणीत आडवी येत असेल, किंवा नुसतीच एकटी असेल. डाकीण ठरवून छळण्याची प्रथा सातपुड्यात दीर्घकाळ चालत आली, आणि आजारी वा वेगळे मूल हे तिचे एक निमित्त होते.

येथे थोडे बाजूला जाऊन पाहणे उद्बोधक ठरेल. सातपुड्यात बाईवर डाकिणीचा आळ येत होता त्याच काळात शिकागोमध्ये ब्रूनो बेटेलहाइम स्वमग्नतेचे खापर आईवर फोडत होते. थंड, मायेचा ओलावा नसलेल्या मातेमुळे मूल स्वतःत मिटते, असा त्यांचा दावा असलेला ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हा ग्रंथ १९६७ मध्ये आला आणि त्याने कित्येक मातांचे आयुष्य अपराधी भावनेने भरून टाकले. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी या अवस्थेचे मूळ शरीरातच आहे असे मांडले होते, पण ते पटायला वेळ लागला. विद्यापीठातला पंडित आणि पाड्यावरचा बडवा दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते, आणि दोघांनाही ते एका बाईतच सापडले. आधाराचा इतिहास लिहिताना ही गोष्ट मध्यभागी ठेवावी लागते, कारण ज्या घरात आईच आरोपी आहे तेथे मुलाला कोणीही सावरू शकत नाही.

डाकीण प्रथेविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी सातपुड्यात मोहिमा चालवल्या; डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. करणी-भानामतीचा आळ घेऊन छळणे त्याने गुन्हा ठरवलेच, शिवाय त्याच्या अनुसूचीत फारशी चर्चा न होणारे एक कलमही आहे: मतिमंद व्यक्तीमध्ये अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे. वेगळ्या माणसाला एक तर झपाटलेला मानायचे नाही तर अवतार मानायचे, या दोन्ही टोकांना कायद्याने एकाच यादीत घातले आहे, हे मार्मिक म्हटले पाहिजे. महानुभाव वाङ्मयातील गोविंदप्रभूंच्या ‘वेड्या’ लीळा किंवा रशियातील ‘दैवी वेडे’ यांच्यात स्वमग्नता शोधण्याचा मोह अभ्यासकांना होतो. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी रशियन उदाहरणांविषयी तसे लिहिलेही आहे. शतकांपूर्वीच्या संतांना निदान चिकटवण्याचा हा खेळ टाळलेला बरा.

शहरी महाराष्ट्रात दरम्यान वेगळी वाट तयार होत होती. १९३७ मध्ये मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाला जोडून देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. १९४४ मध्ये जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने घरातच शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांची ‘कामायनी’, नाशकात १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांची ‘प्रबोधिनी’. पालकांनी, विशेषतः आयांनी, स्वतःच्या घरातल्या प्रश्नापासून सुरुवात करून संस्था उभ्या केल्या, हा यांतल्या काही संस्थांचा समान धागा. रजनीताईंनी आपल्या मुलावर ‘गोट्या’ हे पुस्तक लिहिले आणि खाजगी दुःखाला सार्वजनिक बोलण्याचा विषय केले. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केले तेव्हा खास स्वमग्नतेसाठी देशपातळीवर बोलणारा आवाज प्रथम उमटला. नाशिकच्या पुढे, तापीच्या पलीकडे या वाटेचे फाटे मात्र फार उशिरा आले.

कायद्याची गतीही पाहण्यासारखी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले, आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती नेमून सज्ञान झालेल्या व्यक्तीसाठी पालक नियुक्त करण्याची सोय केली. ‘आमच्यानंतर याचे काय’ या, प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर बोलल्या जाणाऱ्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे पहिले उत्तर. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत स्वमग्नता आली आणि प्रमाणपत्राचा मार्ग खुला झाला.

हे प्रमाणपत्र ज्या मापनावर मिळते ते जवळून पाहिले पाहिजे. भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणी ही सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली प्रश्नावली असून तिच्यात सहा विभागांत चाळीस बाबी आहेत. प्रत्येक बाब ‘क्वचित’ ते ‘नेहमी’ अशा पाच पायऱ्यांवर मोजायची आणि बेरीज चाळीस ते दोनशे यांच्या दरम्यान येते. सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. बाबी अशा: डोळ्याला डोळा देत नाही, सर्वनामांची उलटापालट करतो, ऐकलेले तसेच पुन्हा बोलतो, तोचतोपणाचा हट्ट धरतो. सर्वनामांची उलटापालट म्हणजे आईने ‘तुला पाणी हवंय का?’ असे विचारले तर तहानलेले मूल दर वेळी ‘तुला पाणी हवंय का?’ असेच म्हणते, ‘मला’ म्हणत नाही. आता हा प्रश्न धडगावच्या पाड्यावरून आलेल्या, पावरी बोलणाऱ्या आईला मराठीत विचारायचा. तिच्यासोबत आलेला भाचा तो तिला समजावणार आणि तिचे उत्तर पुन्हा मराठीत आणणार. बोलीतल्या सर्वनामाचे काय झाले हे या दोन वळणांत कसे पोचावे? शिवाय वडीलधाऱ्यांसमोर, त्यातून साहेबासमोर, नजर खाली ठेवणे ही जेथे रीत आहे तेथे पहिल्याच बाबीला किती गुण द्यायचे? श्रेणी वाईट आहे असे नाही. आईवडिलांना विचारून आणि मुलाला पाहून ती भरायची असते, हे तिचे बळच आहे. पण ती भरणाऱ्याला बोली येत असेल तरच ते बळ कामी येते.

प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. अक्राणी तालुक्यातून ते येणे म्हणजे चांदसैली घाट किंवा शहाद्याकडची वाट उतरणे. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद. बसमधली गर्दी, हॉर्न, अनोळखी रुग्णालय, रांग, आणि मग अर्धा तास प्रश्न. मूल तेथे पोचेपर्यंत इतके बिथरलेले असते की त्याचे रोजचे वागणे कसे असते हे पाहणाऱ्याला कळणेच अवघड. अशा बिथरण्याला हट्ट किंवा लाड समजण्याची चूक सर्रास होते. हट्टाला हेतू असतो. हे कोसळणे मात्र इंद्रियांवरचा भार असह्य झाल्यावरचे असते, आणि ते थांबवण्याचा उपाय म्हणजे भार कमी करणे, रागावणे नव्हे. मदत माणसाच्या परिसरात न्यावी हे जे दुष्काळी कामांबद्दल १९०१ मध्ये म्हटले गेले, ते येथे जसेच्या तसे लागू पडते.

मूल मुळात कोणाच्या नजरेत भरावे, हाही प्रश्नच. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली आणि नंदुरबारसारख्या कुपोषणासाठी बदनाम झालेल्या जिल्ह्यात अंगणवाडीचा सारा जीव वजनकाट्यात अडकला. ते स्वाभाविकच होते, कारण मुले दगावत होती. परंतु वजनाच्या रेषेत बसणारे मूल तिकडे ‘साधारण’ म्हणून पुढे जाते, मग ते हाकेला वळत असो वा नसो. उलट काही स्वमग्न मुले दोन-तीनच पदार्थ खातात, वेगळ्या चवीचा किंवा वेगळ्या मऊपणाचा घास थुंकतात; अशा मुलाचे वजन घटले की त्याला पोषण आहाराची पाकिटे मिळतात, आणि ती ते खात नाही म्हणून आईला बोल लागतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळा व आश्रमशाळांत एकदा मुले तपासू लागली. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत वर्तनदोषाच्या रूपाने स्वमग्नता आहे. यादीत असणे ही मोठीच पायरी, तरी एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या पथकाला जीभ, दात, डोळे, हृदयाचा आवाज सापडतो. शांत कोपऱ्यात चप्पल फिरवत बसलेले मूल त्याला सोपे वाटते, कारण ते त्रास देत नाही.

दुष्काळानंतरचा आणखी एक पडता काळ म्हणजे विस्थापन. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातील तेहतीस गावे बाधित झाली. ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आणि त्यांत पाण्याच्या तोंडाशी पहिले होते मणिबेली. तळोदा तालुक्यातील ४,२०० हेक्टर वनजमीन १९९० मध्ये पुनर्वसनासाठी खुली झाली आणि सोमावलसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. विस्थापनाचा हिशेब जमीन, घर, भरपाई यांत मांडला गेला आणि तो मांडणे आवश्यकच होते. पण हाकेच्या अंतरावरची घरे जाऊन ओळीत आखलेले भूखंड आले, भिंतीला भिंत आली, ओढा जाऊन हातपंप आला, रस्त्यावर वाहने आली. ज्या माणसाचे सारे स्थैर्य ठरलेल्या पायवाटेवर आणि ठरलेल्या झाडावर उभे होते, त्याच्यासाठी ही भरपाई न होणारी बाब होती, आणि ती मागण्याची भाषाही त्याच्याकडे नव्हती. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी खोऱ्यात ज्या जीवनशाळा सुरू केल्या त्यांचा उद्देश वेगळा होता. तरी खोऱ्यातच, ओळखीच्या माणसांकडून, मुलांच्या बोलीत शिकवणे ही त्यांची पद्धत स्वमग्न मुलाला सरकारी आश्रमशाळेच्या वसतिगृहापेक्षा अधिक सोसणारी होती. शंभर मुलांत एका पत्र्याच्या खोलीत झोपणे हे अशा मुलाला सर्वांत कठीण.

विस्थापन एकदा होते. ऊसतोड दर वर्षी. बारडोलीचा साखर कारखाना १९५० च्या दशकात निघाला आणि दक्षिण गुजरातच्या कारखानदारीने खानदेशातले मजूर ओढून घेतले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात त्यांचे जिणे अभ्यासून जगासमोर ठेवले. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, ट्रकमध्ये बसायची, आणि होळीच्या तोंडावर किंवा त्यानंतर परत. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. पाचटाच्या झोपडीत चूल, बाजूला बैल, गाड्यांचा आवाज. वेगळ्या मुलाचे या काळात काय करायचे याला दोनच उत्तरे असतात: सोबत न्यायचे, किंवा म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचे. सोबत नेले तर सहा महिने त्याचा क्रम मोडतो; ठेवले तर आईबाप एकाएकी नाहीसे होतात आणि एके दिवशी तितक्याच एकाएकी परत येतात. या जिल्ह्यातील मानसिक आधाराच्या इतिहासात कोणा तज्ज्ञाच्या आधी नाव घ्यावे ते या आजीचे. तीच भाकरी, तीच गोधडी, झोपताना तेच गुणगुणणे. तिने काही शिकलेले नसते, पण आज पुस्तके जे शिकवतात ते ती करीत आलेली असते.

२४ मार्च २०२० च्या रात्री करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा तोडीचा हंगाम संपत आलेला होता. मजूर पायी, मिळेल त्या वाहनाने सीमेवरून परतले. आश्रमशाळा बंद होऊन मुले पाड्यांवर पाठवली गेली. तपासणी पथके साथीच्या कामाला जुंपली गेली. स्वमग्न मुलांच्या दृष्टीने या काळाला दोन बाजू होत्या. शाळेचा गोंगाट आणि वसतिगृह टळले, आईबाप घरी राहिले, हे काहींना मानवले. पण मुखपट्टी तोंडावर न सोसणारे, सॅनिटायझरच्या वासाने कासावीस होणारे, माणसांचे अर्धे झाकलेले चेहरे न ओळखणारे मूल आरोग्यकेंद्राच्या दारात काय करणार? ब्रिटनने एप्रिल २०२० मध्येच स्वमग्न व्यक्तींना दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा बाहेर पडण्याची सवलत स्पष्ट शब्दांत दिली. येथे टाळेबंदीचा नियम कागदावर सातपुड्याच्या पायवाटांनाही लागू होता, पण तेथे बंदोबस्त फारसा नव्हता. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी प्राणवायूचे प्रकल्प वेळेआधी उभे केले म्हणून नंदुरबारचे नाव देशभर गेले. शरीराच्या संकटाची तयारी हा जिल्हा करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मनाच्या संकटासाठी दूरध्वनीचा मार्ग आला. केंद्र सरकारची ‘किरण’ मदतवाहिनी सप्टेंबर २०२० मध्ये तेरा भाषांत सुरू झाली, तर १४४१६ या क्रमांकाची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून. ‘किरण’च्या तेरा भाषांत मराठी होती, गुजरातीही होती. २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक लोकांनी जिच्या बोलींना आपली मातृभाषा म्हणून सांगितले ती भिली नव्हती. ती घटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. शिवाय स्वमग्न व्यक्तींपैकी कितीतरी जणांना फोनवर अनोळखी आवाजाशी बोलणे हेच सर्वांत अवघड वाटते, आणि जी मुळीच बोलत नाहीत त्यांच्यासाठी फोन करणार ते कोणी तरी दुसरेच. तेव्हा ही सोय खऱ्या अर्थाने आहे ती आईसाठी, आणि तेही कमी नाही, कारण तिचे मन सावरले तर घर सावरते. २०२० मध्ये नंदुरबारात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे बालरोग आणि मनोविकारशास्त्र शिकणारी पिढी प्रथमच जिल्ह्यातच घडू लागली आहे. त्यांपैकी काहींची घरची बोली पावरी किंवा मावची असेल, तर वर सांगितलेल्या मूल्यांकन श्रेणीतील चाळीस बाबींचा अर्थ बदलेल.

ऊसतोडीहून होळीला मजूर परततात ते काठी गावच्या राजवाडी होळीसाठीही. रात्रभर मोठे ढोल वाजतात. अंगावर राखेच्या नक्षीचे ठिपके, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरे, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या नाचतात, आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. हा आवाज कोणाला पोटात कळ आणणारा, तर कोणाला त्याच्या ठरलेल्या ठेक्यामुळे शांत करणारा. स्वमग्न माणसाला गोंगाट सोसत नाही हे विधान अर्धेच खरे आहे. अनपेक्षित आवाज सोसत नाही, आणि ढोलाचा ठोका कधी पडणार हे तर आधीच ठाऊक असते. म्हणून एखादे मूल ढोलापासून दूर, टेकाडावर आजीच्या पदराखाली बसून रात्रभर त्याच तालावर झुलत राहावे यात विसंगती नाही.

राज्य सरकारने स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक काढले आहे. मूल गाव सोडून दुसऱ्या ठिकाणी गेले तर तिथल्या शिक्षकाला त्याने अभ्यासात कोठवर मजल मारली ते त्यावरून कळावे, हा त्यामागचा हेतू. पत्रकाचा भर वाचन, लेखन, गणित यांवर आहे. न बोलणाऱ्या मुलाबरोबर ते पाठवायचे तर त्यात आणखी चार ओळी लागतील: हे मूल ज्वारीचीच भाकरी खाते, मागून हात लावू नये, ट्रॅक्टरचा भोंगा वाजला की कान झाकते, तेव्हा ओढू नये, ‘तुला पाणी हवंय का?’ असे म्हणाले तर त्याला तहान लागली आहे.